जुन्या आज्ञावलीचे ओझे : ऑनलाइन खेळांत अनपेक्षित दोष का उद्भवतात?

रायपूर : छत्तीसगडच्या या राजधानीतील एखादा महाविद्यालयीन तरुण रात्री जेवण आटोपून ऑनलाइन खेळ सुरू करतो. आदल्याच दिवशी खेळाची सुधारित आवृत्ती आलेली असते. या आवृत्तीत एका पात्राचा पोशाख तेवढा बदलला आहे, असे निवेदन कंपनीने प्रसिद्ध केलेले असते. प्रत्यक्षात मात्र दुसऱ्याच एका पात्राचा बाण भिंतीतून आरपार जाऊ लागतो किंवा चार महिने जमवलेली शस्त्रे पेटाऱ्यातून नाहीशी होतात. पोशाखाचा आणि पेटाऱ्याचा संबंध काय, असा प्रश्न त्याला पडतो. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा त्या नव्या पोशाखात नसून दहा-पंधरा वर्षांपूर्वी घाईघाईने लिहिल्या गेलेल्या आज्ञावलीत दडलेले असते.

संगणक क्षेत्रात अशा आज्ञावलीला 'लेगसी कोड' म्हणतात. लेगसी म्हणजे वारसा. पण येथे हा शब्द अभिमानाने उच्चारला जात नाही. केवळ वय झाले म्हणून आज्ञावली वाईट ठरत नाही. बँकांच्या कित्येक प्रणाली कोबोल या जुन्या भाषेत दशकानुदशके बिनबोभाट चालल्या आहेत. मायकेल फेदर्स या अमेरिकी तज्ज्ञाने २००४ साली या विषयावर लिहिलेल्या ग्रंथात एक रोखठोक व्याख्या केली : जिच्यासाठी तपासणी करणाऱ्या चाचण्या उपलब्ध नाहीत, ती आज्ञावली लेगसी. म्हणजे प्रश्न वयाचा नसून भरवशाचा आहे. एक ओळ बदलली तर आणखी काय बिघडेल, हे सांगणारे कोणी उरलेले नसते. तिचे मूळ लेखक नोकरी सोडून गेलेले असतात आणि टिपणेही क्वचितच मागे राहतात.

न थांबणारे यंत्र

पूर्वी खेळ तबकडीवर विकला जात असे. एकदा विकला की निर्माते पुढील कामाला लागत. ऑनलाइन खेळाचे तसे नाही. तो वर्षानुवर्षे चालू राहतो आणि चालू असतानाच त्याची दुरुस्ती करावी लागते. रायपूरच्या खेळाडूने कळ दाबली की तो संदेश मुंबई, सिंगापूर किंवा अन्यत्र असलेल्या सर्व्हरकडे जातो, तेथे त्याची शहानिशा होते आणि निकाल परत येतो. या एवढ्याशा प्रवासात खेळाडूच्या हातातील आज्ञावली, सर्व्हरवरील आज्ञावली आणि खेळाडूंची मालमत्ता नोंदवणारी माहितीची वही या तिन्हींचे एकमत व्हावे लागते. त्यांपैकी एक भाग २००५ सालचा, दुसरा २०१४ चा आणि तिसरा गेल्या महिन्यातला असू शकतो.

रायपूरच्या तात्यापारा किंवा नागपूरच्या महाल भागातील एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणावा. आजोबांनी चार खोल्या बांधल्या, वडिलांनी मागे माडी चढवली, पुढच्या पिढीने न्हाणीघरासाठी भिंत फोडून नळ नेला. कोणती भिंत केवळ आडोशाची आणि कोणत्या भिंतीवर माडीचा भार, हे आता कोणालाच ठाऊक नाही. राहणाऱ्यांना वाड्यातून बाहेर काढण्याचीही सोय नाही. ऑनलाइन खेळाच्या अभियंत्यांची अवस्था याहून फारशी निराळी नसते.

अशा तडजोडींसाठी वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये 'तांत्रिक कर्ज' ही उपमा वापरली. आज वेळ वाचवण्यासाठी घेतलेला आडमार्ग उद्या व्याजासह फेडावा लागतो, असा तिचा आशय. 'लीग ऑफ लेजेंड्स' हा २००९ साली सुरू झालेला खेळ चालवणाऱ्या रायट गेम्सच्या बिल क्लार्क या अभियंत्याने २०१८ मध्ये या कर्जाचे चार प्रकार सविस्तर मांडले. एखाद्या कोपऱ्यापुरते मर्यादित असणारे कर्ज, दोन पद्धती ठिगळ लावून जोडल्यामुळे आलेले कर्ज, पायातच मुरलेले कर्ज आणि साठलेल्या माहितीतून उद्भवणारे कर्ज. परिणाम किती आणि दुरुस्तीचा खर्च किती, एवढेच पाहून भागत नाही. हे कर्ज संसर्गजन्य आहे काय, हेही तपासावे लागते, हा त्यांचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. कारण चुकीची पद्धत एकदा रूढ झाली की नवे अभियंतेही तीच गिरवतात.

याच खेळाच्या चाहत्यांमध्ये एक विनोद रूढ आहे : या जगातील प्रत्येक वस्तू म्हणजे वेष पालटलेला शिपाई. त्यात तथ्यही आहे. खेळातील साधे पायदळ दर्शवणारी वस्तू आयती तयार होती. तिला स्थान होते, आयुष्य होते आणि हालचालही येत होती. त्यामुळे नवी जादू किंवा अडथळा करायचा झाला की त्याच शिपायाला अदृश्य करून किंवा त्याचे रूप बदलून काम भागवले गेले. काम त्वरेने झाले; पण पुढे 'सर्व शिपायांना लागू' असा एखादा नियम केला की तो या वेषधाऱ्यांनाही लागू होण्याचा धोका कायम राहिला.

एका नावाने केलेला घात

या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण आइसलँडमधील आहे. रेक्याविक येथील सीसीपी या कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' हा अंतराळयुद्धाचा खेळ २००३ साली सुरू झाला. डिसेंबर २००७ मध्ये त्याची 'ट्रिनिटी' ही मोठी सुधारित आवृत्ती आली. ती बसवल्यानंतर काही खेळाडूंनी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, तेव्हा तो सुरूच होईना. खेळ बिघडला असता तर नवल नव्हते. येथे संगणकच उभा राहत नव्हता.

कारण असे होते. त्या काळी प्रचलित असलेल्या विंडोज एक्सपी प्रणालीत 'बूट डॉट आयएनआय' नावाची एक लहानशी फाइल मुख्य डिस्कच्या अगदी मुळाशी असे. संगणक सुरू होताना कोणती प्रणाली कोठून उचलायची, हे ती सांगत असे. 'ईव्ह'च्या निर्मात्यांनीही खेळाच्या अगदी सुरुवातीच्या काळात आपल्या मांडणीच्या एका फाइलला नेमके हेच नाव दिले होते. ती खेळाच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असल्याने वर्षानुवर्षे काही बिघडले नाही. नव्या आवृत्तीने ही जुनी फाइल पुसून टाकावी, अशी सूचना लिहिली गेली. परंतु त्या सूचनेत फाइलचा पत्ता चुकला. एका तिरप्या रेघेमुळे तो पत्ता खेळाच्या फोल्डरचा न राहता डिस्कच्या मुळाचा झाला. परिणामी खेळाची फाइल राहिली बाजूला आणि विंडोजची पुसली गेली.

कंपनीने चूक मान्य करून संगणक पूर्ववत कसा करावा याचे मार्गदर्शन तातडीने प्रसिद्ध केले, तसेच घटनाक्रमाचा तपशीलही खुलेपणाने मांडला. हा खुलेपणा उल्लेखनीय आहे. अनेक कंपन्या 'काही तांत्रिक अडचणी' या दोन-तीन शब्दांवर वेळ मारून नेतात. येथे ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की, चूक दोन वेळा झाली. पहिली, नाव निवडताना. ती कित्येक वर्षे निद्रिस्त होती. दुसरी, पत्ता लिहिताना. तिने पहिलीला जागे केले. एकटी दुसरी चूक झाली असती तर बहुधा कोणाच्या लक्षातही आले नसते.

याच खेळातील अंतराळ-तळांची आज्ञावलीही कुप्रसिद्ध होती. काही खेळाडू या तळांवरील एका दोषाचा लाभ घेऊन कच्चा माल न पुरवता मौल्यवान द्रव्ये तयार करत होते आणि हा प्रकार बराच काळ चालल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये उघडकीस आला. कंपनीने अनेक खाती बंद केली. प्रामाणिकपणे खाणकाम करणाऱ्यांनी तोवर सोसलेली स्पर्धा मात्र कोणी भरून देऊ शकले नाही. ही तळव्यवस्था इतकी गुंतलेली होती की, तिची डागडुजी सोडून एप्रिल २०१६ पासून तिच्या जागी नव्या प्रकारचे किल्ले आणण्याचा मार्ग कंपनीने पत्करला.

जुने आणि नवे यांच्या सांध्यावर

दोष बहुधा सांध्यावर फुटतो. ब्रिटनमधील केंब्रिज येथील जॅगेक्स कंपनीच्या 'रूनस्केप' या खेळात २००६ च्या मे महिन्याअखेर खेळाडूंना स्वतःचे घर बांधण्याची मुभा मिळाली. घरात द्वंद्वासाठी रिंगणही करता येत होते. जूनच्या सुरुवातीस अशाच एका घरातील समारंभात गर्दी झाल्याने यजमानाने सर्वांना बाहेर काढले. रिंगणात लढत असलेल्या काही जणांच्या बाबतीत 'हा दुसऱ्यावर हल्ला करू शकतो' ही खूण पुसायची राहून गेली. त्यांच्यापैकी एकाने फालाडोर या सुरक्षित नगरात जाऊन सुमारे तासभर कत्तल केली. ज्यांच्यावर हल्ला झाला त्यांना उलट वार करताच येत नव्हता, कारण त्यांच्यासाठी जुनाच नियम लागू होता. मेलेल्या खेळाडूंच्या मौल्यवान वस्तू गेल्या आणि हल्लेखोराचे खाते कायमचे बंद झाले.

जुन्या खेळाच्या आज्ञावलीत 'नगरात लढाई नाही' हे गृहीत धरलेले होते. खेळाडू नगरात शिरतानाच लढाईची खूण घेऊन येईल, ही शक्यता कोणी विचारात घेतली नव्हती.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये १३ सप्टेंबर २००५ रोजी सुरू झालेली 'दूषित रक्ता'ची साथ याच जातीची. हक्कार नावाचा राक्षस लढाईत खेळाडूंना एक संसर्गजन्य बाधा देत असे. ती त्या गुहेपुरतीच राहावी, अशी योजना होती. परंतु शिकारी पात्रांचे पाळीव प्राणी बाधित अवस्थेतच 'ठेवून' दिले जात आणि शहरात पुन्हा बोलावले की बाधेसह प्रकट होत. शहरातील दुकानदार पात्रेही बाधा वाहू लागली आणि दुर्बळ खेळाडूंचे रस्तोरस्ती सांगाडे पडले. हा खेळ तेव्हा वर्षाचाही झाला नव्हता, त्यामुळे त्याच्या आज्ञावलीला जुनी म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण स्वतंत्रपणे निर्दोष असलेल्या दोन व्यवस्था एकत्र आल्यावर काय होते, हे त्यातून दिसते. एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन या संशोधकांनी २००७ मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस' या वैद्यकीय नियतकालिकात या साथीवर लेख लिहिला.

आकड्यांची कमाल मर्यादा

जुन्या आज्ञावलीत आकडा ठेवण्यासाठी बहुधा ३२ द्विमान स्थानांची जागा राखलेली असे. अशा जागेत मावणारी सर्वांत मोठी धन संख्या २,१४,७४,८३,६४७ आहे. 'रूनस्केप'मध्ये नाण्यांच्या एका राशीची मर्यादा नेमकी एवढीच आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये पूर्वी एका पात्राला २,१४,७४८ सुवर्ण, ३६ रौप्य आणि ४७ ताम्र नाण्यांहून अधिक धन बाळगता येत नसे. शंभर ताम्रांचे एक रौप्य आणि शंभर रौप्यांचे एक सुवर्ण असा हिशेब मांडला की हीच संख्या मिळते. ही मर्यादा पुढे वाढवण्यात आली.

मर्यादा ठाऊक असेल तर बिघडत नाही. ती विसरली गेली की बिघडते. 'डायब्लो ३' या खेळात खेळाडूंना खऱ्या पैशाने वस्तू आणि सुवर्ण विकण्याचा बाजार उपलब्ध होता. मे २०१३ मधील सुधारित आवृत्तीत सुवर्णविक्रीचा गठ्ठा १० लाखांऐवजी १ कोटी नाण्यांचा करण्यात आला. बदल एका आकड्याचा. पण मोठे सौदे रद्द करताना होणारा गुणाकार ३२ स्थानांत मावेना आणि विक्रेत्याला मूळ रकमेपेक्षा कितीतरी अधिक सुवर्ण परत मिळू लागले. कंपनीला बाजार बंद करून व्यवहारांची छाननी करावी लागली. हा बाजार मार्च २०१४ मध्ये कायमचा बंद झाला, अर्थात त्याची कारणे निराळी होती.

भारतीय वाचकांना या संदर्भात महात्मा गांधींची गोष्ट आठवेल. 'सिव्हिलायझेशन' या १९९१ च्या खेळात गांधींची आक्रमकता १ होती, लोकशाही स्वीकारताच ती २ ने घटून उणे होण्याऐवजी २५५ झाली आणि ते अणुबाँब टाकू लागले, असे सर्वत्र सांगितले जाते. गोष्ट खुमासदार आहे, पण खरी नाही. खेळाचे निर्माते सिड मायर यांनी २०२० मधील आत्मचरित्रात असा दोष कधीच नव्हता, असे स्पष्ट केले आहे. जुन्या आज्ञावलीच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या सर्वच कथा पारखून घ्याव्यात, एवढ्यासाठी हा उल्लेख.

सहा मिनिटांचे रहस्य

काही दोष काहीच मोडत नाहीत, केवळ वेळ खातात. 'जीटीए ऑनलाइन' हा खेळ ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरू झाला. पुढील सात वर्षे तो सुरू होण्यास अनेकांना पाच-सहा मिनिटे थांबावे लागे आणि आपलाच संगणक मंद, अशी खेळाडूंची समजूत होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये टोपणनावाने लिहिणाऱ्या एका संगणकतज्ज्ञाने मूळ आज्ञावली हाती नसतानाही या दिरंगाईचा छडा लावला. खेळातील विक्रीयोग्य वस्तूंची सुमारे १० मेगाबाइटची यादी वाचताना प्रत्येक नोंदीच्या वेळी उरलेल्या संपूर्ण मजकुराची लांबी नव्याने मोजली जात होती. शिवाय प्रत्येक वस्तू पूर्वी आली आहे काय, हे पाहण्यासाठी आधीची सारी यादी चाळली जात होती. वस्तू सुमारे ६३ हजार. म्हणजे तुलना जवळपास १९८ कोटी.

खेळ नवा असताना यादी लहान असेल तर हीच पद्धत पुरेशी ठरते. यादी वाढत गेली, पद्धत तीच राहिली. त्या तज्ज्ञाने सुचवलेल्या दुरुस्तीने प्रतीक्षेचा वेळ सुमारे ७० टक्क्यांनी घटला. रॉकस्टार कंपनीने पुढील महिन्यात दुरुस्ती अधिकृतपणे स्वीकारली आणि त्याला १० हजार डॉलरचे पारितोषिक दिले.

खेळापलीकडचा धोका

आतापर्यंतच्या उदाहरणांत नुकसान झाले ते वस्तूंचे आणि वेळेचे. डिसेंबर २०२१ मध्ये गोष्ट याच्या फार पुढे गेली. 'लॉगफोरजे' ही जावा भाषेतील प्रणालींत नोंदी ठेवण्यासाठी वापरली जाणारी, फुकट मिळणारी आणि जगभर पसरलेली आज्ञावली. तिच्यात २०१३ मध्ये एक सोय जोडली गेली होती : नोंदीत विशिष्ट प्रकारचा मजकूर आढळला तर त्यातील पत्त्यावरून माहिती मागवून घ्यायची. या सोयीचा गैरवापर करून परक्या संगणकावर हवी ती आज्ञा चालवता येते, हे आठ वर्षांनी उघड झाले. 'माइनक्राफ्ट'च्या जावा आवृत्तीत तर गप्पांच्या चौकटीत एक ओळ टाकणे पुरेसे होते. सर्व्हर ती ओळ निमूटपणे नोंदवहीत लिही आणि लिहितानाच फसे. १० डिसेंबर रोजी खेळाची दुरुस्त आवृत्ती आली. भारताच्या सर्ट-इन या यंत्रणेनेही या त्रुटीबाबत सावधगिरीची सूचना प्रसिद्ध केली. शाळकरी मुलांचा खेळ आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या प्रणाली एकाच आठवड्यात एकाच दोषाने अडचणीत आल्या, कारण दोन्हींच्या पायात तीच वीट होती.

विटा अशा दूरवर जातात. 'क्वेक' या १९९६ च्या खेळाची आज्ञावली परवान्याने घेऊन 'हाफ-लाइफ' (१९९८) तयार झाला, त्यातून 'काउंटर-स्ट्राइक' निपजला. उड्या मारत वेग वाढवत नेण्याची प्रसिद्ध युक्ती ही 'क्वेक'मधील वेगमोजणीच्या त्रुटीतून आलेली. ती पुढील पिढ्यांनीही वारशात मिळवली. २०२० साली आलेल्या 'हाफ-लाइफ : अॅलिक्स'मधील एका दिव्याची लुकलुक 'क्वेक'मधील दिव्याशी तंतोतंत जुळते, हेही चाहत्यांनी दाखवून दिले आहे. खेळाडूंना आवडलेला दोष हा पुढे दोष राहत नाही, कौशल्य ठरतो. आणि मग तो दुरुस्त करणे हाच अपराध होतो.

सर्व नव्याने का लिहीत नाहीत?

हा प्रश्न प्रत्येक खेळाडू विचारतो. नव्याने लिहिताना जुन्या आज्ञावलीतील न नोंदवलेले शेकडो बारकावे हरवतात आणि दोन-तीन वर्षे नवे काहीही बाहेर पडत नाही. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधील मूळ झोळीला १६ खण होते. ते वाढवावेत ही मागणी वर्षानुवर्षे होत राहिली. परंतु ही झोळी खेळाच्या मूळ रचनेत खोलवर रुतलेली असल्याचे निर्माते सांगत. अखेर २०१८ मध्ये खात्याला सुरक्षा-पडताळणी जोडणाऱ्यांना ४ खण वाढवून मिळाले. चार खणांसाठी चौदा वर्षे, हे ऐकून हसू येते. पण खेळाडूंच्या झोळ्यांतील वस्तू पणाला लागलेल्या असताना कोणता अभियंता घाई करील?

उलट टोकाचे उदाहरण 'रूनस्केप'चेच. नवा खेळ आवडेना म्हणून खेळाडूंनी जुन्याचा आग्रह धरला, तेव्हा कंपनीने ऑगस्ट २००७ मधील जपून ठेवलेली प्रत बाहेर काढली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये ती 'ओल्ड स्कूल रूनस्केप' या नावाने सुरू केली. जुनी आज्ञावली येथे ओझे न ठरता ठेव ठरली.

हे काम महाराष्ट्राला अपरिचित नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस 'वाय-टू-के' समस्येच्या वेळी मुंबई-पुण्यासह देशभरातील हजारो अभियंत्यांनी परक्यांनी लिहिलेल्या जुन्या आज्ञावल्या ओळीओळीने वाचून दुरुस्त केल्या आणि भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाला त्यातून मोठी चालना मिळाली. पुण्यात २००८ पासून युबिसॉफ्टचा स्टुडिओ आहे. तेथे 'जस्ट डान्स'सारखे खेळ निरनिराळ्या यंत्रांवर उतरवण्याचे काम झाले. एका यंत्रासाठी लिहिलेले दुसऱ्यावर आणणे म्हणजेही जुने वाचणेच. रायपूरच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतून किंवा नवा रायपूर येथे २०१५ मध्ये स्थापन झालेल्या आयआयआयटीतून बाहेर पडणाऱ्या तरुणांपैकी कोणी या क्षेत्रात गेल्यास त्याच्याही वाट्याला कोऱ्या पाटीपेक्षा दुसऱ्याने गिरवलेली पाटीच अधिक येईल.

खेळाडूंसाठी काही गोष्टी व्यवहाराच्या आहेत. दोष आपोआप लाभ देत असेल तरी त्याचा वारंवार फायदा घेणे बहुतेक कंपन्यांच्या अटींनुसार खाते बंद होण्यास कारण ठरते. विकत घेतलेली वस्तू नाहीशी झाल्यास व्यवहाराचा क्रमांक, दिनांक आणि पडद्याचे छायाचित्र जपून ठेवावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ई-व्यापाराच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांचाही समावेश केला आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांचा विषय वेगळा. त्यांना प्रतिबंध करणाऱ्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली.

अभियंत्यांच्या दिनदर्शिकेत आणखी एक तारीख नोंदलेली आहे. वेळ मोजण्यासाठी १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ स्थानांत साठवणाऱ्या जुन्या आज्ञावल्यांचा साठा १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल. ज्यांची दुरुस्ती झालेली नसेल, त्या प्रणालींच्या लेखी पुढील सेकंद डिसेंबर १९०१ मधील असेल.